न बसवलेला पाठ

कल्पिताबाईंना बसून शिकवता येत नाही. वर्गात त्यांच्यासाठी खुर्ची आहे, पण तिच्यावर वह्यांचा ढीग असतो. त्या बाकांच्या मधून फिरत राहतात. एखाद्याच्या पाटीवर वाकतात, कुणाची पेन्सिल तासून देतात, आणि पुन्हा फिरू लागतात. खिडकी उघडली की कारखान्यांचा आंबूस वास येतो, बंद केली की मुलं घामाघूम होतात. त्यामुळे ती खिडकीही दिवसभर उघडझाप करत असते.

शाळा डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या पुढे. जुनी, अनुदानित, मराठी माध्यमाची. बाईंकडे तिसरीचा वर्ग. तिसरी कुणी आनंदाने मागून घेत नाही, कारण तिसरीत मोठी वजाबाकी येते. बाईंनी मागून घेतली होती.

घरी त्यांच्या नोकरीचं कुणाला अप्रूप नव्हतं. सासरची शेती केव्हाच गेली, तिच्या जागी चाळी उभ्या राहिल्या, चाळींच्या जागी इमारत. भाडी येतात. सासूबाई कमळाबाई रोज सकाळी डबा भरताना पाहून म्हणत, "काय कमी हाय गो तुला? कुणाच्या पोरांची शेंबडं पुसायला पलत जातेस?"

"शेंबूड त्यांची ती पुसतात आई. मी गणित शिकवते."

"तां तर अजून वायट."

नवरा हितेश हसायचा. त्याला वाटे, बायकोला घरात करमत नाही म्हणून ती जाते. बाईंनी त्याला कधी नीट सांगितलं नाही. कसं सांगणार? त्यांचे वडील खाडीकाठच्या मिठागरात राबले होते. मीठ पिकतं असं लोक म्हणतात. ते उन्हात फळी ओढून गोळा करावं लागतं, आणि ज्याने ओढलं त्याच्याच हाताला ते कळतं. बाईंचं शिकवणं त्याच जातीचं होतं. खराट्याचे हीर एकसारखे कापायचे, दहा काड्यांना रबर लावून दशकाचा गठ्ठा करायचा, असे दहा गठ्ठे सुतळीने बांधून शतकाचा मोठा गठ्ठा. दरवर्षी नव्या काड्या, कारण मुलं मोडतात. मोडू देत. हाताळल्याशिवाय मोडतात का?

मग शाळेला फळा मिळाला.

काळा नव्हे. भिंतीएवढा टीव्हीच तो, बोटाने लिहायचा. एका बांधकामवाल्याने शाळेला भेट दिला. शाळेत सगळे त्याला 'डिजिटल' म्हणत, "आज डिजिटल लावला का?" असं. तिसरीच्या भिंतीला ओल नव्हती, म्हणून तो तिसरीत बसला.

त्याच्यात वजाबाकी होती. पडद्यावर शतकाचं, दशकाचं, एककाचं अशी तीन घरं. दशकाच्या घरातला गठ्ठा बोटाने ओढून एककाच्या घरात नेला की फट् आवाज होई आणि गठ्ठा फुटून दहा काड्या पसरत. उत्तर बरोबर आलं की हत्ती सोंड उचलून नाचे.

पहिल्या आठवड्यात बाईंनाही गंमत वाटली. सगळ्यात जास्त वाटली ती समृद्धीमुळे. समृद्धी म्हणजे शेवटच्या बाकावरची, वेणीचं टोक चघळत खिडकीबाहेर बघणारी मुलगी. आई कारखान्यात पॅकिंगला, बाप टेम्पोवर. गणिताच्या तासाला तिच्या पोटात दुखायचं. ती मुलगी आता सगळ्यांच्या आधी हात वर करी, "बाई मी, बाई मी," करत बाकावरून उडी मारी. गठ्ठा ओढी, फट् करी, हत्ती नाचवी. हत्तीबरोबर स्वतःही नाचे.

"बघा," शिक्षकांच्या खोलीत सुदेश सर म्हणाले, "आणि तुम्ही म्हणत होतात, टीव्ही काय शिकवणार."

सुदेश सर पाचवीला. दोन वर्षांपासून स्वतःच्या मोबाइलवर गणिताच्या चित्रफिती बनवून पालकांना पाठवणारे. आळशी माणूस नव्हे. एका चित्रफितीसाठी तीन-तीनदा आवाज भरत.

"मी अजूनही तेच म्हणते," बाई म्हणाल्या. "पण समृद्धी उठली, हे मान्य."

"आधी हजेरी, मग हातचा. पोरगी वर्गातच नसेल तर हातचा कुणाला देणार, भिंतीला?"

बाई चहा अर्धा टाकून वर्गात गेल्या.

शुक्रवारी कारखान्यांच्या वसाहतीला सुट्टी असते. त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे मानपाड्यात सगळ्यांना ठाऊक. अशाच एका शुक्रवारी पडदा काळा पडला. बाईंनी पाट्या काढायला लावल्या आणि खडूने गणित लिहिलं, बावन्न वजा सत्तावीस.

त्या बाकांमधून फिरू लागल्या. पहिल्या पाटीवर पस्तीस. दुसऱ्या पाटीवर पस्तीस. नयन म्हणजे वर्गातला हुशार मुलगा, त्याच्याही पाटीवर पस्तीस. पाचातून दोन गेले, सातातून दोन गेले. जो आकडा मोठा त्यातून लहान काढायचा, वर कोण खाली कोण याची कुणाला फिकीर नाही.

समृद्धीच्या पाटीवर आकडे नव्हते. तिने घरं आखली होती आणि दशकाच्या घरात खडूने पाच गठ्ठे काढले होते, छान, रबरासकट. एका गठ्ठ्यावर बोट टेकून तिने ते घासत एककाच्या घरात नेलं. पाटीवर पांढरा फराटा उमटला. ती थांबली. पुन्हा बोट टेकलं, जरा जोरात. पुन्हा थांबली.

"काय गं?"

"फुटत नाही बाई."

मागची दोन मुलं हसली. समृद्धीही हसली, पण तिचा डोळा पाटीवरच होता. ती अजून वाट बघत होती.

बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. मुलीचं चुकलं नव्हतं. तिला जे शिकवलं तेच तिने केलं होतं. गठ्ठा ओढला की फुटतो. कोण फोडतं, का फोडतं, फोडल्यावर मागे किती उरतात, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. हत्तीनेही नाही, आणि मुख्य म्हणजे बाईंनीही नाही. महिनाभर काड्यांची पेटी कपाटात होती. वेळ वाचत होता म्हणून बाईंनीच ती काढली नव्हती.

सोमवारी त्यांनी पेटी काढली. मुलांनी तोंडं वाकडी केली. "बाई, डिजिटल लावा ना!" काड्या हळू होत्या. रबर तुटत होते, काड्या बाकाखाली पडत होत्या, फट् होत नव्हतं. समृद्धीने पुन्हा वेणीचं टोक तोंडात घातलं. काड्या काढल्या की मुलगी जाते, पडदा लावला की गणित जातं.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापिका विनिताबाईंनी बोलावलं.

विनिताबाई सरळ बोलणाऱ्या. त्यांनी टेबलावरची पाण्याची बाटली बाजूला सारली. "खुला वर्ग ठेवतेय. बालवाड्यांचे पालक बोलावलेत, फळा देणाऱ्यांकडची माणसं येणार. तू पाठ घ्यायचास. वजाबाकी, डिजिटलवर. पट किती घसरलाय तुला माहीत आहे. समोरच्या इंग्लिश मीडियमला एसी आहे, घोड्यावर बसवतात मुलांना वार्षिक दिनाला. आपल्याकडे हा एक फळा आहे. आणि पट भरला नाही तर एक शिक्षक अतिरिक्त ठरेल. सगळ्यांत शेवटी रुजू कोण झालं?"

"मी."

"मग? पाठ चांगला बसव. तीन गणितं ठरवून टाक. नयनला पुढे घे, आणखी दोघी घे. ती समृद्धी की कोण, तिला मागे ठेव. फार उड्या मारते."

पाठ बसवणं ही शिक्षकांची जुनी रीत आहे. साहेब येणार असले की पाठ बसवतात. कोणता प्रश्न, कुणी हात वर करायचा, कुणी जरासं चुकायचं आणि मग सुधारायचं, सगळं नाटकासारखं ठरतं. साहेबांना ठाऊक असतं, मुलांना ठाऊक असतं. त्यात कुणाला काही वाईट वाटत नाही. कल्पिताबाईंनी स्वतः कितीतरी पाठ बसवले होते.

हाही त्यांनी बसवायला घेतला. दोन दिवसांत मुलं तयार झाली, इतकी तयार की बाईंनी पडद्यावर गणित लिहायच्या आधी नयन उत्तर सांगू लागला. तिसऱ्या दिवशी बाईंनी मुद्दाम आकडे बदलले. नयनने जुनंच उत्तर दिलं. हत्तीने मान हलवली. नयन गोंधळून म्हणाला, "बाई, तुमचं चुकलं. हे गणित ठरलं नव्हतं."

बाईंनी पडदा बंद केला. "नाही ठरलं. आता एकही ठरवायचं नाही."

मधल्या सुट्टीत त्यांनी हे सुदेश सरांना सांगितलं, कारण कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. सर वडापावचा घास घ्यायचे थांबले.

"पाठ न बसवता? पालकांसमोर?"

"हो."

"अहो बाई, बसवलेला पाठ म्हणजे लग्नातला फोटो. नवरा-नवरी घरी भांडतात हे सगळ्यांना माहीत असतं. तरी फोटोत हसायचं असतं."

"पोरांना वजाबाकी येत नाही सर. येत नसताना येते असं दाखवून मुलं गोळा करायची, आणि मग त्यांनाही तेच शिकवायचं?"

"तुम्हाला डिजिटल नकोच आहे मुळात."

"तसं असतं तर बरं झालं असतं. झोप लागली असती." बाई उठल्या, पुन्हा बसल्या. "तुम्हीच सांगा, त्याच्यावर फट् बंद करता येतं का? गठ्ठा आपोआप फुटायचा नाही, मुलाने स्वतः एकेक काडी सोडवायची, असं?"

सरांनी विचार केला. "नाही. तसं बनवलंच नाही. बनवणाऱ्याला घाई असणार."

"मग?"

"मग काही नाही. अतिरिक्त व्हा," सर म्हणाले, आणि उरलेला वडापाव त्यांनी बाईंपुढे सरकवला.

खुल्या वर्गाच्या दिवशी मागच्या भिंतीशी पालक उभे होते. कडेवर मुलं, हातात गाडीच्या किल्ल्या. पुढे खुर्च्यांवर फळा देणाऱ्यांकडचे दोघे आणि विनिताबाई. दारात सुदेश सर. त्यांचा वर्ग कुणाच्या तरी ताब्यात देऊन आले होते.

कल्पिताबाईंनी नमस्कार केला आणि पालकांना म्हणाल्या, "तुमच्यापैकी कुणीतरी वजाबाकी सांगा. तीन अंकी. कोणतीही."

विनिताबाईंची मान गर्रकन वळली.

पालकांत खसखस पिकली. कुणी कुणाला कोपराने ढोसलं. शेवटी रिक्षावाल्याच्या खाकी शर्टातला एक बाप म्हणाला, "चारशे तीन... वजा एकशे अठ्ठावन्न."

मधे शून्य. यापेक्षा अवघड त्याला शोधूनही सापडलं नसतं. बाईंनी पडद्यावर कोऱ्या पानावर बोटाने ते गणित लिहिलं आणि काड्यांची पेटी टेबलावर ठेवली. "कोण येतंय?"

नयनने हात वर केला नाही. पुढच्या बाकावर कुणीच केला नाही. मागून बाक वाजला, आणि "बाई मी," असं ओरडत समृद्धी आली. तिला वाटलं पडदा मिळणार. टेबलाशी येऊन तिने काड्या पाहिल्या आणि तोंड पाडलं.

"आलीच आहेस, तर कर," बाई हळूच म्हणाल्या.

तिने चार मोठे गठ्ठे मांडले, दशकाची जागा रिकामी सोडली, तीन सुट्या काड्या ठेवल्या. आता तीनमधून आठ काढायचे. तिने दशकाकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. तिने बाईंकडे पाहिलं. बाईंनी ओठ घट्ट मिटून धरले होते. सांगायची सवय असलेल्या माणसाला न सांगणं हे जड काम असतं.

फळा देणाऱ्यांकडच्या एकाने मनगट वळवून घड्याळ पाहिलं.

समृद्धीने शतकाचा गठ्ठा उचलला. तो तिच्या मुठीत मावेना. ती सुतळीची गाठ ओढू लागली. गाठ बाईंनी स्वतः मारलेली, घट्ट. मागच्या पालकांना काही दिसेना, ते माना उंचावू लागले, आपसांत बोलू लागले. तेवढ्यात सुदेश सर पुढे आले. त्यांनी मोबाइल काढला, पडद्याला जोडला, आणि मुलीच्या हातांवर धरला.

पडद्यावर तिचे हात आले. खडूने माखलेली नखं, सुतळी, गाठ. भिंतीएवढी.

"दाताने सोड गं!" एक बाई मागून म्हणाली. लोक हसले. समृद्धीने खरंच दाताने सोडली.

आतून दहा गठ्ठे निघाले. ते तिने दशकात ठेवले. मग तिला घाई सुटली. ती एकामागून एक सगळ्यांचे रबर काढू लागली. काड्या टेबलभर झाल्या, काही खाली पडल्या. पडद्यावर नुसता काड्यांचा गुंता. विनिताबाईंनी डोळे मिटले.

"बाई, खूप झाल्या," समृद्धी रडकुंडीला आली.

"तुला किती कमी पडत होत्या?"

ती थांबली. बोटांवर मोजलं. मग खाली बसून काड्या गोळा करू लागली. पुन्हा दहा-दहा मोजायच्या, पुन्हा रबर लावायचे. नयन उठला आणि न विचारता मोजू लागला. आणखी दोघी आल्या. फळा देणाऱ्यांकडची माणसं उठली, विनिताबाईंशी काही बोलली, आणि विनिताबाई त्यांना चहाला घेऊन गेल्या. काही पालकही निघाले. घंटा झाली. खिचडीचा वास आला आणि निम्मा वर्ग पळाला.

नऊ गठ्ठे बांधून झाल्यावर समृद्धीने दहावा सुटाच ठेवला. त्याच्याकडे बघत राहिली. "हा सोडायचा होता," ती म्हणाली. "एकच." मग तेरातून आठ, नऊतून पाच, तीनातून एक. तिने उत्तर पडद्यावर लिहिलं, दोनशे पंचेचाळीस. हत्ती नाचला नाही. तिने एकदा पडद्याकडे वळून पाहिलं, मग खिचडीकडे धावली.

भिंतीशी अजून उभा असलेला रिक्षावाला बाईंना म्हणाला, "मला यायचं नाही हो हे. शून्य आलं की मी मास्तरचा मार खायचो." तेवढंच बोलला, आणि मुलाचा हात धरून जिना उतरला.

विनिताबाईंनी कल्पिताबाईंना ऑफिसात बोलावलं नाही, जिन्यातच गाठलं. आवाज चढवला नाही. "उत्तर चहा झाल्यावर आलं, कल्पिता. बघायला कुणी नव्हतं. मी तुझीच नोकरी वाचवत होते."

"मला माहीत आहे मॅडम."

"मग?"

आपण बरोबर केलं अशी बाईंची खात्रीच नव्हती. रिक्षावाल्याच्या मुलासकट काही अर्ज आले. पुरले नाहीत. बसवलेला पाठ झाला असता तर पुरले असते का, हे कुणी सांगू शकत नाही, पण ते बाईंच्या डोक्यातून जाईना. रात्रंदिवस मनात दोन्ही पारडी वरखाली होत. घरात त्या धुतलेली भांडी पुन्हा धूत. कमळाबाई म्हणाल्या, "सुटलीस ना आता? बस घरी." बाई ताट तसंच ठेवून गच्चीवर गेल्या.

शाळेच्या शिक्षकपदांची मान्यता आली तेव्हा एक पद कमी झालं होतं. ते त्यांचंच.

अतिरिक्त शिक्षकांना बोलावून रिकाम्या जागा दाखवतात, त्यातून निवडायचं असतं. बाईंची पाळी आली तोवर दोनच जागा उरल्या होत्या. एक शहाडला, नदीकडची लहान शाळा. तिथे काळा फळा आणि जोडवर्ग, दोन इयत्ता एकाच खोलीत. दुसरी ठाण्यात कोलशेतला, नव्या इमारतींच्या मधली. तिथे प्रत्येक वर्गात डिजिटल.

टेबलामागचा कारकून भला होता. "मॅडम, शहाड घ्या. तुम्हाला जवळ पडेल. कोलशेतला दोन बस बदलाव्या लागतील."

सुदेश सर सोबत आले होते. "शहाडच घ्या. तिथे तुमच्या काड्यांना कुणी नाक मुरडणार नाही. सुखाने शिकवाल."

सुखाने, हा शब्द बाईंना टोचला. शहाडची मुलं काड्या मोजणारच होती. त्यांच्यापुढे दुसरं काही नव्हतंच. आणि कोलशेतच्या वर्गावर्गात एखादी समृद्धी पाटीवर बोट घासून वाट बघत असेल.

"कोलशेत," त्या म्हणाल्या.

कारकुनाने मान वर केली. "नक्की?"

"नक्की काही नाही हो. पण लिहा."

सही करून त्या घरी गेल्या नाहीत. सरांना निरोप देऊन तशाच बसने कोलशेतला निघाल्या. शाळा सापडायला वेळ लागला. रस्ता खणलेला होता, आणि विचारलं तो प्रत्येक माणूस वेगळ्याच गेटकडे बोट दाखवी. आत गेल्या तेव्हा तळमजल्याच्या वर्गात पडदा चालू होता, मुलं ओरडत होती, आणि शिक्षिका कोपऱ्यात वह्या तपासत होत्या.

मुख्याध्यापकांनी त्यांचं पत्र वाचलं, बसायला सांगितलं. बाई उभ्याच राहिल्या.

"कोणता वर्ग आवडेल? पहिली सोपी जाईल. दुसरीही रिकामी आहे."

"तिसरी कुणाकडे आहे?"

"तिसरी?" ते हसले. "तिसरी इथे कुणी मागत नाही."

"मला द्या," बाई म्हणाल्या. "आणि सर, या तासाला मी त्या खालच्या वर्गात जाऊन जरा उभी राहू का? मागे, भिंतीशी. बोलणार नाही."